बायोलॉजीवाल्यांनो, कॅन्सर रिसर्चमध्ये यायचंय तर पाटी कोरी करू नका

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे, फक्त आतला प्राणी बदलतो. मी वनस्पतींवर काम केलंय, मी बॅक्टेरियावर केलंय, मी माशीच्या अळ्यांवर केलंय, आता कॅन्सरमध्ये जायचंय तर परत पहिलीच्या वर्गात बसावं लागेल का? नाही लागणार. मी स्वतः यीस्टवाली, म्हणजे ज्याला कॅन्सर होऊच शकत नाही अशा एकपेशीय जिवावर दोन वर्षं घालवून मी या फील्डमध्ये आले, आणि आजही माझी निम्मी गाडी त्या यीस्टच्या जोरावर चालते.

होतं काय की लोक ठरवतात कॅन्सर, आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं आधीचं सगळं लपवायला लागतात, चार ऑनलाइन कोर्स करतात, सर्टिफिकेट गोळा करतात आणि सीव्हीत सगळ्यात वर "कॅन्सर बायोलॉजीत प्रचंड रस" असं लिहितात. हे म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं. ज्या लॅबला तुम्ही अर्ज करणार तिथे कॅन्सरचे कोर्स केलेली आठ माणसं आधीच बसलेली असतात, त्यांना नववं नकोय, त्यांना जे येत नाही ते येणारा माणूस हवाय.

आणि हे मी धीर द्यायला बोलत नाहीये, मागे वळून बघा जरा. बार्नेट रोझेनबर्ग हा मूळचा फिजिक्सवाला, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत ई. कोलाय बॅक्टेरियावर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होता. बॅक्टेरिया विभागायचे थांबले आणि नुसतेच लांबत गेले, दोऱ्यासारखे, नेहमीच्या ३०० पट लांब. आता इथे कोणीही म्हटलं असतं की वीज लावली आणि विभाजन थांबलं, विषय संपला. पण यांनी एकेक गोष्ट वगळून बघितली आणि कळलं की विजेचा काही संबंधच नाही, इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते आणि त्यातून प्लॅटिनमची संयुगं त्या द्रावणात उतरत होती. हे छापून आलं १९६५ मध्ये, आणि १९७८ मध्ये त्यातलंच एक संयुग सिसप्लॅटिन या नावाने अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं, आजही वापरात आहे. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यीस्टवर काम करत होते, टिम हंट समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर, तिघांनी मिळून पेशी कधी विभागायचं ते कशी ठरवते हे उलगडलं, २००१ चं नोबेल मिळालं, आणि त्याच यंत्रणेतल्या दोन एन्झाइमना अडवणारं पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरसाठी आलं. माशीच्या अळीवर काटे जास्त का येतात यावरून सापडलेल्या हेजहॉग जीनचा रस्ता त्वचेच्या कॅन्सरच्या औषधापर्यंत गेलाय. यातलं मूळ काम कोणीही कॅन्सरच्या पेशींवर केलेलं नव्हतं.

तर पहिलं काम, कागद घ्या आणि एकच वाक्य पूर्ण करा. "मला अमुक गोष्ट कशी चालते ते नीट कळतं, आणि कॅन्सरमध्ये तीच गोष्ट अमुक ठिकाणी बिघडते." बस. या वाक्यातल्या दोन रिकाम्या जागा भरायला मला तीन आठवडे लागले होते, तुम्हाला एका दुपारी जमलं तर बहुतेक तुम्ही फार मोघम लिहिलंय. बॅक्टेरियात औषधाला प्रतिकार कसा तयार होतो हे ज्याने बघितलंय त्याला ट्यूमर औषधाला दाद का देत नाही हे अर्धं आधीच माहीत आहे, कारण ट्यूमर म्हणजे एकसारख्या पेशींचा गठ्ठा नाही, त्यात वेगवेगळ्या वंशावळी असतात आणि औषध त्यातल्या निवडक जिवंत ठेवतं, पीटर नॉवेल या कॅन्सर संशोधकाने हे १९७६ मध्येच मांडलंय. इकॉलॉजीवाल्यांना तर हे वाचून घरी आल्यासारखं वाटेल. वनस्पतीवाल्यांनी अल्ट्राव्हायोलेटमुळे बिघडलेला डीएनए कसा दुरुस्त होतो ते केलं असेल तर त्यांची जागा डीएनए रिपेअरच्या लॅबमध्ये आहे. भ्रूणविकासवाल्यांनी पेशी जागा सोडून कशा सरकतात ते बघितलेलं असतं, मेटास्टॅसिसमध्ये, म्हणजे कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरतो तेव्हा, तोच खेळ उलट्या वेळी, चुकीच्या जागी चालतो. इम्युनॉलॉजीवाल्यांना तर मी काही सांगायलाच नको, २०१८ चं नोबेल बघा, इम्यून पेशींवरचा ब्रेक काढून त्यांना कॅन्सरशी लढवायच्या शोधाला मिळालं.

इथे एक नाजूक गोष्ट. घरात कोणाला तरी कॅन्सर झाला म्हणून या क्षेत्रात यायचंय असं बरेच जण सांगतात आणि ते खरं असतं, मी त्याला कमी लेखत नाही. पण अर्जात पहिल्या परिच्छेदात तेच लिहिलं तर वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही, कारण समोरच्या ढिगातल्या निम्म्या अर्जांत तेच असतं. ते कारण स्वतःजवळ ठेवा, रात्री अकराला सेंट्रिफ्यूजसमोर उभं राहायची वेळ येते तेव्हा उपयोगी पडतं. अर्जात प्रश्न लिहा.

वाचन कसं करायचं. आधी ढोबळ नकाशा हवा, त्यासाठी २००० साली डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी कॅन्सरच्या पेशीची सहा वैशिष्ट्यं सांगणारा जो लेख लिहिला आणि २०११ मध्ये वाढवला, तो दोनदा वाचा. त्यानंतर रिव्ह्यू वाचणं थांबवा. हो, थांबवा, नाहीतर माणूस वर्षभर रिव्ह्यूच वाचत बसतो आणि आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं. एक ओरिजिनल पेपर घ्या, अॅब्स्ट्रॅक्ट झाकून ठेवा, आणि फिगर १ वर बसा. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे कुठलं प्रोटीन किती आहे ते पट्ट्यांत दाखवणारी टेस्ट, असेल तर खालची अॅक्टिनची किंवा ट्युब्युलिनची (ही प्रोटीन्स सगळ्या पेशींत असतात) पट्टी सगळ्या लेनमध्ये सारखी आहे का ते बघा, नसेल तर वरच्या पट्टीतल्या फरकाला अर्थ काय उरला? औषधाने पेशी मेल्या असा ग्राफ असेल तर शेजारी नॉर्मल पेशींचा ग्राफ आहे का बघा, कारण ताटलीतल्या पेशी तर फिनेलनेही मरतात, ते काही औषध नव्हे. एकाच सेल लाइनवर, म्हणजे एकाच नमुन्यातून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवर, केलंय की चार? प्रोटीन काढून टाकल्यावर परिणाम झाला, मग ते परत घातल्यावर परिणाम गेला का? असे आठ-दहा पेपर फाडून बघितले ना, की तुम्ही शंभर अॅब्स्ट्रॅक्ट वाचलेल्या माणसाच्या पुढे असता. आणि हे वेड म्हणून नाही सांगत, २०१२ मध्ये अॅमजेन कंपनीच्या लोकांनी लिहिलंय की त्यांनी गाजलेले ५३ कॅन्सरचे पेपर परत करून बघायचा प्रयत्न केला आणि फक्त ६ जमले. म्हणजे बाकीचे सगळे खोटारडे होते असं नाही, पण ताक फुंकून प्यायला कोणी शिकवलेलंच नसतं.

आता हात. सेल कल्चर शिकून या, निदान महिनाभर कोणाच्या तरी शेजारी उभं राहून. वरवर सोपं आहे, ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी मीडिया, पेशी वाढतात. तो गुलाबी रंग फिनॉल रेडचा असतो, पेशी खाऊन पिऊन आम्ल टाकायला लागल्या की तो केशरी होतो, मग पिवळा, आणि पिवळा झालेला फ्लास्क म्हणजे तुम्ही शनिवार-रविवार फिरकला नाहीत याचा पुरावा. ट्रिप्सिन टाकून पेशी सोडवायच्या, ट्रायपॅन ब्लू टाकून मोजायच्या, निळ्या झाल्या त्या मेलेल्या. गोठवायच्या हळू, म्हणजे १० टक्के डीएमएसओ घालून मिनिटाला साधारण एक डिग्रीने खाली, आणि बाहेर काढायच्या मात्र झटपट, ३७ डिग्रीच्या पाण्यात धरून. हे उलटं केलंत तर सकाळी सगळ्या पेशी तरंगताना दिसतील. हे सगळं महिन्यात जमतं. जमत नाही ती शिस्त.

माझंच सांगते. पीएचडीचं दुसरं वर्ष, माझ्या पेशी एका औषधाला अचानक जास्त संवेदनशील झाल्या, डोस निम्म्यावर आला तरी मरायला लागल्या, तीनदा केलं तीनदा तेच, मी तर हवेत. स्लाइड बनवल्या, रंगीत ग्राफ, लॅब मीटिंगमध्ये वीस मिनिटं बोलले. मागच्या रांगेतल्या एका सीनियरने फक्त विचारलं, मायकोप्लाझ्माची टेस्ट शेवटची कधी केलीस? मी म्हटलं मीडिया तर स्वच्छ आहे. ती हसली नाही हे तिचे उपकार. संध्याकाळी तिने मला डॅपी, म्हणजे डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग, लावून मायक्रोस्कोपखाली बसवलं, न्यूक्लियस छान निळे चमकत होते, आणि त्यांच्या आजूबाजूला, जिथे काळं दिसायला पाहिजे तिथे बारीक बारीक निळे ठिपके, कोणी रांगोळी सांडल्यासारखे. मायकोप्लाझ्मा हा बॅक्टेरिया इतका बारीक असतो की मीडिया गढूळ होत नाही, नेहमीच्या फिल्टरमधूनही जातो, आणि त्याला सेल वॉलच नसते त्यामुळे पेनिसिलिन घातलेलं असलं तरी त्याला काय फरक पडतो. पेशींचं खाणं तोच खातो आणि पेशी आधीच अर्धमेल्या असतात, त्यावर औषध टाकलं की मरणारच. चार महिन्यांचं काम त्या रात्री ब्लीचमध्ये गेलं. शेजारच्या तिघांच्या पेशींतही निघाला, कारण सगळे एकच मीडियाची बाटली वापरत होतो, आणि हे मी आजही नव्या मुलांना सांगते तेव्हा ती बाटली अजून डोळ्यांपुढे येते.

दुसरा सापळा म्हणजे पेशी आहेत त्याच आहेत का. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या ट्यूमरमधून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी म्हणजे हेला. त्या इतक्या जोमाने वाढतात की दुसऱ्या फ्लास्कमध्ये एक थेंब गेला तरी काही दिवसांत तिथे फक्त त्याच उरतात. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलरने दाखवलं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ लाइन्स मुळात हेलाच आहेत, लोक चिडले होते त्याच्यावर. एमडीए-एमबी-४३५ नावाची लाइन वर्षानुवर्षं ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरली गेली, निघाली त्वचेच्या मेलॅनोमाची. तर एसटीआर प्रोफाइलिंग हा शब्द पाठ करून ठेवा, पेशींचं ओळखपत्र तपासायची टेस्ट आहे, आणि ज्या लॅबमध्ये हा शब्द काढल्यावर लोक तुमच्याकडे विचित्र बघतात ती लॅब जरा जपून.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतात. आर किंवा पायथन, दोन्हींतलं एक, इतपत की हजार ओळींचं टेबल एक्सेलशिवाय हाताळता आलं पाहिजे. आणि इथे फुकट मिळणारी एक सोन्याची खाण आहे. टीसीजीए नावाचा प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला, ३३ प्रकारच्या कॅन्सरचे, ११,००० च्या वर पेशंटचे नमुने त्यात तपासलेत, आणि सीबायोपोर्टल नावाच्या साइटवर एकही ओळ कोड न लिहिता तो डेटा बघता येतो. आधी टीपी५३ टाकून बघा, माणसाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला जीन तोच, आणि कुठल्या अवयवात किती बिघडतो यात जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. मग तुम्ही तुमच्या यीस्टमध्ये, माशीत, रोपात ज्या जीनवर काम केलंय त्याचा माणसातला भाऊबंद शोधा आणि तो टाका. मग डेपमॅप या साइटवर जा, तिथे शेकडो सेल लाइन्समध्ये एकेक जीन क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापायच्या तंत्राने, बंद करून पेशी जगतात की मरतात ते बघितलेलं आहे. तुमचा जीन बंद केल्यावर सगळ्याच पेशी मरत असतील तर त्यात फार गंमत नाही, तो सगळ्यांनाच लागतो. काही ठराविक कॅन्सरच्याच पेशी मरत असतील तर सरळ बसा, हा तुमचा प्रश्न असू शकतो. फक्त एक, "जीन जास्त असलेले पेशंट लवकर गेले" असा ग्राफ आला की लगेच नाचू नका, असे ग्राफ हव्या त्या जीनचे निघतात, कारण आणि परिणाम यातलं काहीच त्यातून सिद्ध होत नाही.

एवढं झाल्यावर मेल लिहायचा, आधी नाही. लोक एकच मेल पन्नास ठिकाणी पाठवतात, वर "रिस्पेक्टेड प्रोफेसर" आणि खाली "तुमचं काम अतिशय प्रेरणादायी वाटलं", आणि मग म्हणतात उत्तर येत नाही. पाचच पाठवा, पण असं काहीतरी लिहा: "तुमच्या मागच्या पेपरमध्ये फिगर ४ मध्ये औषधाला न जुमानणाऱ्या पेशींत हे प्रोटीन वाढलेलं दिसतं. मी दोन वर्षं यीस्टमध्ये याच्याच भावंडावर काम केलं, तिथे ते वाढणं हे ताणाचा परिणाम होतं, कारण नव्हतं. तुमच्या पेशींत ते आधी वाढतं की नंतर हे वेळेनुसार बघितलंय का? बघायचं असेल तर मला ते करायला आवडेल." सहा ओळी, सीव्ही जोडलेला, संपलं. मला या पद्धतीने पाचात दोन उत्तरं आली, त्यातलं एक होतं "बघितलंय, तुमचं म्हणणं चुकीचं आहे, गुरुवारी बोलूया का", आणि तिथेच मी पुढची पाच वर्षं होते.

गाइड निवडताना लॅबच्या नावावर भाळू नका, हा माझ्या एकटीचा राग नाही, कोणालाही विचारा. इंटरव्ह्यूला गेलात की तिथल्या मुलांशी गाइड नसताना बोला आणि "कसं वाटतं" असलं काही विचारू नका, त्याला सगळे "छान" म्हणतात. विचारा की शेवटचे तीन जण किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत. पेपरवर पहिलं नाव कोणाचं हे कधी ठरतं, काम सुरू करताना की भांडण झाल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटी जेव्हा कोणाचा प्रयोग गाइडच्या आवडत्या थिअरीच्या विरुद्ध आला तेव्हा काय झालं? यावर दोन मुलांनी एकमेकांकडे बघितलं तर तुम्हाला उत्तर मिळालं. मोठ्या लॅबमध्ये मशिनं असतात पण गाइड महिन्यातून एकदा दिसतो, छोट्या लॅबमध्ये गाइड रोज दिसतो, जे कधीकधी जास्तच होतं. नवशिक्याला मी छोटीच सांगेन.

लॅब मिळाली की पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट करा जी बायोलॉजीवाले सहसा करत नाहीत. एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी दोन दुपारी बसायची परवानगी काढा. मी बसले तेव्हा त्यांनी गुलाबी-जांभळी स्लाइड सरकवत सरकवत एके ठिकाणी थांबवली आणि म्हणाले, सांग यात कॅन्सर कुठेय. मी सगळ्यात गडद, दाटीवाटीच्या भागावर बोट ठेवलं. ते म्हणाले त्या लिम्फोसाइट्स, रोगाशी लढायला आलेल्या, ट्यूमर हा बघ, बाजूला, आणि यातलं निम्मं तर नुसतं तंतूंचं जाळं आहे. दोन वर्षं मी ताटलीत एकाच जातीच्या पेशी वाढवून त्याला ट्यूमर म्हणत होते. त्यानंतर माझ्या प्रयोगांत फायब्रोब्लास्ट, म्हणजे ते तंतू बनवणाऱ्या पेशी, आले, इम्यून पेशी आल्या, कामाचा सगळा सूरच बदलला.

वेळेचा हिशोब सरळ ठेवा. पीएचडी चार ते सहा वर्षं, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमधलं संशोधन, तीन ते पाच, कधी दोन पोस्टडॉक, आणि इतकं करून स्वतःची लॅब मिळणारे थोडेच. हे आधी माहीत असलं की मधेच धक्का बसत नाही. लॅब नाही मिळाली म्हणजे वाया गेलं असं अजिबात नाही, औषध कंपन्यांत अॅसे, म्हणजे मोजणीच्या टेस्ट, बनवणारे लागतात, रोगाच्या खुणा शोधणारे बायोमार्करवाले लागतात, क्लिनिकल ट्रायलचा डेटा सांभाळणारे, पेटंट वाचणारे, पेशंटना कळेल असं लिहिणारे. मला ओळखीतल्या ओळखीत सगळ्यात समाधानी माणूस विचाराल तर ती एक जेनेटिक काउन्सेलर आहे, जिने पीएचडी तिसऱ्या वर्षी सोडली. आणि औषधाचा रस्ता किती लांब असतो ते पण बघून ठेवा. फिलाडेल्फिया क्रोमोसोम, म्हणजे एका रक्ताच्या कॅन्सरमध्ये सापडणारा आखूड क्रोमोसोम, दिसला १९६० मध्ये, तो दोन क्रोमोसोमांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून होतो हे जॅनेट राउलीने १९७३ मध्ये दाखवलं, फोटो घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर मांडून, आणि त्या बिघाडावरचं औषध इमॅटिनिब आलं २००१ मध्ये. एक्केचाळीस वर्षं. यातल्या कुठल्या तरी मधल्या दोन-तीन वर्षांत तुमचं काम बसतं, आणि ते चालत असेल तर या, नसेल तर आत्ताच ठरवलेलं बरं.

पहिल्या दिवसाचं एवढंच सांगते. कोणीतरी तुमच्या हातात एक गोठवलेली व्हायल देईल आणि म्हणेल ह्या तुझ्या पेशी, वाढव. घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा, पॅसेज नंबर किती, म्हणजे पेशी आतापर्यंत किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यात, एसटीआर कधी केलं, मायकोप्लाझ्माची टेस्ट कुठल्या तारखेची. तारीख सांगता आली नाही तर व्हायल वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, टेस्ट लावा, आणि रिझल्ट येईपर्यंत मीडियाची बाटली कोणाला देऊ नका, कोणाची घेऊही नका.